निरोप सांगायला आता घरातली पोरं लागत नाहीत

मिरजेची_लेक (पुणे)

बरेच दिवस डोक्यात होतं पण लिहायला बसले नव्हते, शनिवारी जे झालं त्यानंतर राहवेना म्हणून धागा काढतेय. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सोसायटीतल्या बहुतेक जणींना ग्रुपवरच मेसेज टाकला होता, पण समोरच्या विंगमध्ये तळमजल्यावर एक आजी राहतात, त्या ग्रुपवर नाहीत, त्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही. लेक १४ वर्षांची आहे, नववीत. तिला म्हटलं जा पटकन, आजींना बोलावणं करून ये. तर म्हणाली, आई ग्रुपवर टाक ना. म्हटलं अगं त्या ग्रुपवर नाहीत. मग म्हणे तू त्यांना लँडलाइनवर कॉल कर ना. शेवटी गेली, पण दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पत्ता नाही. मी गाडीतून वाणाच्या डब्यांची पिशवी काढायला खाली उतरले तर ही आजींच्या दारासमोर उभी. बेल हातभर अंतरावर. एका हातात फोन आणि अंगठ्याने टाइप करतेय. आजींची नात कॉलेजात असते, तिला मेसेज करत होती, दीदी मी तुमच्या दाराबाहेर आहे, दार उघडतेस का. आणि नात त्या वेळी घरातच नव्हती! मी पार्किंगच्या खांबामागून बघत होते. तिने एकदा बोट बेलपाशी नेलं, परत खाली घेतलं, परत फोन बघितला. मेसेजला निळी खूण आली का ते बघत होती.

मी पुढे गेले नाही, आणि बेलही वाजवली नाही. थोड्या वेळाने आजींनीच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं आणि ही दचकली.

रात्री तिच्याशी बोलले, अजिबात न रागावता. म्हणाली, आई, बेल वाजवली की आत कोण काय करत असेल माहीत नसतं ना. झोपले असतील तर? आणि दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं?

हे पहिलं वाक्य काय बोलायचं तेव्हापासून मनात रुतून बसलंय.

आता माझं सांगते. आम्ही मिरजेत वाड्यात राहायचो, १९९० ची वगैरे गोष्ट. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारी वकीलकाकांकडे होता आणि नातेवाइकांना आम्ही तोच पीपी नंबर म्हणून दिलेला. फोन आला की काकूंचा मुलगा धावत यायचा, तुमच्या मामांचा आलाय, आणि मी आठ वर्षांची तशीच धावत जायचे, कारण आई भाकरी टाकत असायची. परक्याच्या घरात, परक्या माणसांसमोर फोनवर बोलायचं, मामा काय सांगतोय ते डोक्यात ठेवायचं, काकूंना येते म्हणायचं, घरी येऊन निरोप जसाच्या तसा आईला सांगायचा. संक्रांतीत हळदीकुंकवाचं बोलावणं आम्ही पोरीच करायचो, वाड्यातली आणि गल्लीतली मिळून पंचवीस घरं. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मोठ्यांच्या पाया पडायला, दिवाळीत फराळाचं ताट पोचवायला, गणपतीत वर्गणीला, वाण्याकडे वही घेऊन, गिरणीत डबा घेऊन. यातलं एकही काम आम्हाला कुणी समाजात वावरायचं शिक्षण म्हणून दिलं नव्हतं. ती घरची कामं होती आणि पोरांचे पाय मोकळे असायचे.

लेक माझी अबोल नाही हो. मैत्रिणींच्या ग्रुपवर रात्री दीडशे मेसेज असतात, व्हॉइस नोट तर पाच पाच मिनिटांच्या. भांडतात, रडतात, समजूत घालतात, सगळं करतात. पण ती बोलते ती माणसं तिने निवडलेली आहेत आणि वेळही तिची तिने निवडलेली. जिथे माणूस आपण निवडलेलं नाही आणि आत्ताच्या आत्ता बोलायचंय तिथे ती गोठते. मला वाटतं फोनने मुलांचं बोलणं तोडलेलं नाही, त्यांच्याकडची निरोपाची कामं काढून घेतली. आणि ती कामं काढून घेणाऱ्या आपणच आहोत, कारण ग्रुपवर टाकणं सोपं पडतं.

तुमच्या घरात काय चित्र आहे? मुलं फोन उचलतात का, बेल वाजवतात का?

केतकी_नाशिक

अगदी अगदी! माझा मुलगा सोळाचा. कुरियरवाला दाराशी आला की आतल्या खोलीतून मला मेसेज करतो, आई बघ ना कोण आहे. मी स्वयंपाकघरात असते, हात पिठाचे. फोन वाजला की तो वाजून बंद होईपर्यंत नुसता बघत बसतो आणि मग मेसेज टाकतो, बोला काय काम होतं. परवा त्याच्या सख्ख्या आत्याला असं केलं. आत्याला केवढं लागलं असेल.

गुरुजी_संगमनेर

ताई, तुमची मुलगी नववीत म्हणजे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती तिसरीत असणार. हे विसरू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. मधल्या काळात पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ ला सुरू झाले आणि थोड्याच आठवड्यांत परत बंद पडले, आणि पहिली ते चौथीची मुलं तर बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२१ पर्यंत वर्गात आलीच नाहीत. म्हणजे या मुलांची चौथी गेली. चौथीत काय असतं? त्या वयात मूल वर्गाबाहेर पडून दुसऱ्या वर्गात खडू मागायला जायला लागतं. मुख्याध्यापकांच्या दारात उभं राहून आत येऊ का सर विचारायला शिकतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मी २० वर्षं बघतोय, ज्या पोराला खडू आणायला पाठवलं ते पोर पुढे स्नेहसंमेलनात माईक धरतं.

शाळा उघडल्यावर माझ्याकडे आलेल्या सहावीच्या वर्गात मला एक गोष्ट दिसली. मुलं हात वर करायची नाहीत. ऑनलाइनला त्यांना म्यूट राहायची सवय लावली होती आणि ती आम्हीच लावली होती, आवाज घुमतो म्हणून. एक मुलगी वर्गात वर्षभर शब्द बोलली नाही, पण संध्याकाळी मला अभ्यासाच्या शंका रेकॉर्ड करून पाठवायची, स्पष्ट आवाज, सुंदर मराठी. मी तिला कधी टोकलं नाही. एक दिवस तिचीच शंका मी वर्गात मोठ्याने विचारली आणि म्हटलं ही शंका ज्याची आहे त्याने चांगलं निरीक्षण केलंय. तिने मान वर केली. पुढच्या आठवड्यात स्वतः उठून विचारलं.

आकडेच हवे असतील तर ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा २०२४ चा अहवाल आहे, ग्रामीण भारताचा. १४ ते १६ वयाच्या मुलांत ८२ टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी वापरलेले ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरलेले ७६ टक्के. तेव्हा हे पुण्यामुंबईचं खूळ आहे असं कुणी समजू नका, वाडीवस्तीवरचं पोरगंही त्याच स्क्रीनमध्ये आहे.

अडखळतो_पण_बोलतो

ताई, मी २२ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मूळचा धुळ्याचा. दुसरी बाजू लिहायची आहे आणि मनापासून लिहितोय, राग मानू नका.

मी अडखळतो. लहानपणापासून. क, प, म ने सुरू होणारा शब्द आला की अडतोच, आणि माझं नावच म वरून आहे. तुम्ही ज्या दिवसांबद्दल प्रेमाने लिहिलंय ना, वाण्याकडे वही, शेजारी फोन, तो माझ्यासारख्या पोरासाठी रोजचा मार होता. माझे बाबा सांगायचे जा किराणा आण, आणि मी दुकानात उभा राहायचो, मागची माणसं पुढे जाऊन घेऊन जायची, दुकानदार म्हणायचा बोल की रे लवकर. मी मोहरी मागायची असली की राई म्हणायचो कारण म अडायचा. अख्खं लहानपण मी शब्द बदलत काढलंय.

आठवीत मला फोन मिळाला. ऑनलाइन गेम खेळताना पहिल्यांदा चार पोरांशी दोस्ती झाली, एक कोल्हापूरचा, एक जबलपूरचा, दोघे केरळचे. आधी नुसतं टाइप करून बोलायचो. मग सहा महिन्यांनी माईक चालू केला, अडखळलो, आणि त्यातला जबलपूरवाला फक्त एवढं म्हणाला, आराम से बोल भाई, हम हैं. मला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. तो गेम २०२० च्या सप्टेंबरात बंद झाला, दोस्ती आजही आहे, गेल्या वर्षी त्या चौघांना खरोखर भेटलो, कोल्हापुरात. तेव्हा स्क्रीनवरची मैत्री खोटी असं कुणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

आणि फोन कॉलबद्दल. तुमच्या पिढीला कॉल म्हणजे साधी गोष्ट, आमच्यासाठी न विचारता आलेला कॉल म्हणजे कुणीतरी दार ढकलून आत आल्यासारखं आहे. आमच्यात आधी मेसेज करतात, फ्री आहेस का, करू का कॉल. हा आमचा रीतिरिवाज आहे, उद्धटपणा नाही. समोरच्याच्या वेळेचा मान ठेवायला आम्ही असंच शिकलोय. तुमची लेक म्हणाली ना झोपले असतील तर, त्यात मला काळजी दिसली.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूने. तिचा प्रश्न होता पहिलं वाक्य काय बोलायचं. हा माझा पण रोजचा प्रश्न आहे. मला स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी शिकवलं ते सांगतो. महत्त्वाचा कॉल करायच्या आधी मी पहिलं वाक्य कागदावर लिहितो, मोठ्याने तीनदा म्हणतो, मगच नंबर लावतो. पहिलं वाक्य सुटलं की पुढची आपोआप येतात. कॅम्पस इंटरव्ह्यू असाच दिला. तुम्ही बोलावणं करायला जायचा तेव्हा तुम्हाला पहिलं वाक्य कुठून मिळायचं? ते कुणीतरी दिलेलं असणार ना?

मिरजेची_लेक (पुणे)

@अडखळतो_पण_बोलतो, दादा तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. राग कसला रे. मोहरीला राई, हे वाचून पोटात कालवलं. मी ज्याला चांगले दिवस म्हणत होते त्यात दुकानात मागे उभं राहिलेलं पोर मला कधी दिसलंच नव्हतं.

आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नाने मला गप्प केलं. हो, दिलेलं होतं. आई आम्हाला दारात उभं करून म्हणून घ्यायची. “आईने संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलावलंय, सगळ्यांनी नक्की या.” हे वाक्य पंचवीस घरी जसंच्या तसं. आणि कुणी विचारलं आई काय करतेय तर काय सांगायचं, पाणी दिलं तर घ्यायचं, लाडू दिला तर एकच घ्यायचा, सगळं आधी सांगून पाठवायची. मी लेकीला नुसतं जा बोलावून ये म्हटलं. वाक्य दिलंच नाही. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

नाना_ठाणे

वय वर्षे ७६. मराठी टायपिंग नातवाने शिकवले आहे, चुका झाल्यास क्षमस्व.

आमच्या काळीही हीच ओरड होती हे नमूद करतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, चाळीत एकाच बिऱ्हाडी टीव्ही होता आणि सगळी चाळ तिथे. आमचे वडील म्हणायचे, आता माणसे एकमेकांशी बोलणार नाहीत, खोक्याकडे बघत बसतील. पण झाले उलटे, त्या एका खोक्यामुळे ज्यांचे आपसात बोलणे नव्हते तीही एका सतरंजीवर बसायला लागली. यंत्र एक आणि माणसे चाळीस, म्हणून हे झाले. पुढे घरोघरी टीव्ही आला, मग खोलीखोलीत, आणि आता दरडोई एक. फरक त्या संख्येने पडला असे माझे मत आहे. मोबाईल पहिल्यांदा आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, २००३ पर्यंत. माणसे ‘पोचलास की मिस्ड कॉल दे’ म्हणत, आणि भेटूनच बोलत. बोलणे महाग होते तेव्हा माणूस मोजून पण मनापासून बोलायचा.

तरी सांगतो, सौ. गेल्यावर मी फार एकटा पडलो होतो. मुलगा कतारला. नात रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल करते, पाच वर्षांची आहे. तिकडे ती फोन भिंतीला टेकवून जेवायला बसते, मी इकडे ताट घेऊन बसतो. पंगतच म्हणा. ती मला विचारते आबा आज भाजी कुठली. तिच्यासाठी मी दोन भाज्या करायला शिकलो. हे कुणाला खोटे वाटत असेल तर त्याने माझ्या घरी रात्री साडेनऊला येऊन पाहावे.

कडेगावकर

आमच्या तालुक्यातलं सांगतो. मोहित्यांचे वडगाव, ता. कडेगाव, जि. सांगली. बातम्यांत आलं होतं, बऱ्याच जणांना आठवत असंल. ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, भोंगा वाजला की टीव्ही मोबाईल बंद, साडेआठला परत वाजतो तेव्हा चालू. दीड तास. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी गप्पा मारायच्या, वाचायचं, काय करायचं ते करा पण फोन नको.

माझी मावशी तिकडं दिली आहे त्यामुळं येणंजाणं असतं. एकदा सात वाजता नेमका मी तिथंच होतो. भोंगा झाला तसा मावशीचा नातू गुमान फोन कपाटावर ठेवून दप्तर घेऊन सोप्यात बसला, मी म्हटलं काय रे रडला नाहीस, तर म्हणाला रडून काय करू, पिंट्याचा पण बंद आहे आता. त्या पोरानं सगळं एका वाक्यात सांगितलं बघा. एका घरानं फोन बंद केला तर त्या घरातलं पोर एकटं पडतं, कारण बाकीची पोरं तिकडं फोनवर खेळत्यात आणि आपलंच इकडं तोंड पाडून बसलंय. गावानं एकदम बंद केला तर कुणीच एकटं पडत नाही. आणि मोठ्यांना पण बंद, हे महत्त्वाचं. बापानं रील बघत बघत पोराला ओरडायचं हे चालत नाही तिथं.

दीड तासात जग बदलतं असं मी म्हणत नाही. साडेआठला परत फोन हातात असतोच. पण मावशी म्हणते आधी कट्ट्यावर संध्याकाळी चार माणसं असायची आणि चारी खाली मान घालून, आता निदान मान वर असते.

यारा_काठची (मेलबर्न)

आमच्याकडे अख्ख्या देशानेच भोंगा वाजवलाय असं म्हणायला हवं! १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टा, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब, फेसबुक यांच्यावर अकाउंट ठेवता येत नाही. दंड कंपन्यांना आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, मुलांना किंवा आईवडिलांना काही शिक्षा नाही. व्हॉट्सॲप चालू आहे.

माझा मुलगा १३ चा. आमच्याकडे ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर हे आलं. पहिले काही दिवस घरात अक्षरशः सुतकी वातावरण होतं. त्याच्या वर्गातल्या काही मुलांनी वय खोटं दाखवून वाट काढली, ते मला माहीत आहे आणि इथल्या सगळ्या आयांना माहीत आहे. पण @कडेगावकर म्हणतात ते अगदी पटलं. बहुतेकांचं बंद झालं म्हणून त्याला एकटं वाटलं नाही. सुट्टीत दोनदा असं झालं की तो सायकल घेऊन न सांगता मित्राच्या दारात गेला आणि मित्र घरी नव्हता, मित्राच्या बाबांशी बागेत बोलत बसला म्हणे अर्धा तास. तेरा वर्षांत पहिल्यांदा!

पण जे गमावलं तेही लिहिते. त्याचे साताऱ्याचे दोन मावसभाऊ आणि तो, तिघांचं इन्स्टावर चालायचं, आणि तेवढ्यामुळे त्याचं मराठी टिकून होतं, कसलं भारी, नाद खुळा, हे शब्द त्याला तिथून मिळाले, माझ्याकडून नाही. आता व्हॉट्सॲपवर ग्रुप केलाय पण ती मजा येत नाही म्हणतो. परदेशातल्या मुलांसाठी हा धागा तुटणं लहान गोष्ट नाही.

अंगणवाडीताई

मोठ्या मुलांबद्दल सगळे लिहितायत, मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल लिहिते, कारण सुरुवात तिथे होते. वाडीवर अंगणवाडी सेविका आहे.

पूर्वी पहिल्या दिवशी मूल रडायचं आईसाठी. आता काही मुलं फोनसाठी रडतात, आणि आई सांगते ताई मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही हो. मी त्या आईला कधी दोष देत नाही. ती पहाटे उठून रानात जाणार, सासू आजारी, फोन लावला की मूल दहा मिनिटांत जेवतं, तिने काय करावं? पण जेवताना मूल आईच्या तोंडाकडे बघतं ना, आई आ कर म्हणते, स्वतः आ करते, चिऊ आली काऊ आला, यातूनच तर बोलणं येतं. फोनमधली चिऊ मुलासाठी थांबत नाही. मूल हसलं तरी ती तशीच, रडलं तरी तशीच. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको, नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांनी सोबत बसून.

आमच्या एका प्रशिक्षणात व्हिडिओ दाखवला होता, तो कधी विसरणार नाही. एडवर्ड ट्रॉनिक म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग. आई बाळाशी खेळतेय, बाळ बोट दाखवतं, आई तिकडे बघते. मग आई चेहरा एकदम निर्विकार करून बसते, नुसती समोर. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, आणि काही केल्या आई बदलत नाही तेव्हा तोंड फिरवून रडायला लागतं. सगळं दोनतीन मिनिटांचं. व्हिडिओ संपला तेव्हा आम्ही सगळ्या सेविका गप्प होतो. मी त्या वेळी फक्त एवढाच विचार केला, पोषण ट्रॅकर ॲपवर अंगणवाडीच्या नोंदी करताना मी मान खाली घालून बसते तेव्हा माझ्यासमोरच्या मुलांना माझा चेहरा कसा दिसत असेल. तेव्हापासून मी नोंदी मुलं घरी गेल्यावर करते. उशीर होतो, पण करते.

मंडळाचा_खजिनदार

धाग्यातलं वर्गणीचं वाचून थांबलो. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी गणपतीची वर्गणी क्यूआर कोडवर घ्यायचं ठरलं, ठराव मीच मांडला होता. दोन दिवसांत ८० टक्के जमा, हिशोब चोख, मी खूश. त्या वर्षी आरतीला मुलं कमी आली. का ते तेव्हा मला कळलं नाही. आधी पोरं पावतीपुस्तक घेऊन १२० फ्लॅटची दारं वाजवायची, कुणी पन्नास रुपयांत वाटेला लावायचं, कुणी पाचशे द्यायचं आणि वर पेढा, कुणी कारण सांगून दार लावायचं. पोरं जिन्यात बसून प्रत्येक घराची चर्चा करायची. गणपती त्यांचा होता कारण दारोदार तेच फिरले होते.

एप्रिलच्या बैठकीत पावतीपुस्तक परत सुरू करायचा ठराव ठेवतोय. दहा ते सोळा वयाच्या मुलांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत एक बोलका आणि एक लाजरा. पैसे क्यूआरवरच घेऊ, सुट्ट्यांचा त्रास नको, पण बेल पोरांनीच वाजवायची आणि पावती हाताने फाडून द्यायची. @अडखळतो_पण_बोलतो, तू लिहिलंयस म्हणून हेही ठरवतोय की ज्याला बोलायचं नाही त्याने पावती लिहायची, जबरदस्ती कुणावर नाही, आणि घाई करणाऱ्या माणसांना आधीच ग्रुपवर सांगून ठेवणार की मुलांना बोलू द्या.

अडखळतो_पण_बोलतो

@मंडळाचा_खजिनदार दादा, दहाव्या वर्षी मला असं कुणी सांगितलं असतं तर मी पावत्या लिहायला नक्की आलो असतो. आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत कदाचित बोललो पण असतो.

मिरजेची_लेक (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. एक घडलं ते लिहिते आणि मग स्वयंपाकाला लागते.

रविवारी गुळाच्या पोळ्या उरल्या होत्या. लेकीला म्हटलं आजींना नेऊन देशील का. तिने लगेच फोनकडे बघितलं. मग मी तिला दारात उभं केलं, माझी आई करायची तसं, आणि म्हटलं ऐक, बेल एकदाच वाजवायची, पन्नासपर्यंत मोजायचं, आजी हळू चालतात. दार उघडलं की म्हणायचं, “आजी, आईने गुळाच्या पोळ्या दिल्यात, तूप घालून खा.” तिने दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा आवाज जरा मोठा आला. झोपल्या असतील तर काय हेही ठरवलं, परत यायचं आणि संध्याकाळी जायचं, बस. फोन तिने स्वतःच टेबलावर ठेवला, मी सांगितलं नव्हतं.

मी गॅलरीतून बघत होते. बेल वाजवली. ओठ हलताना दिसत होते, मोजत होती. दार उघडलं आणि मग ती आत गेली ते पाऊण तासाने बाहेर आली.

घरी आल्यावर चप्पल काढता काढताच म्हणाली, आई, आजींनी निरोप दिलाय. “ताट रिकामं परत देणार नाही म्हणावं, उद्या साडेपाचला ये, मी शंकरपाळे करतेय, आणि आईला सांग की माझ्या हाताला आता वेलदोडे सोलवत नाहीत, तेवढे तू सोलून दे.” एका दमात, शब्दाला शब्द. मग म्हणाली, आई वेलदोडे कसे सोलतात?